हाफ शाफ्ट मागवण्याआधी हब उघडा

फोर बाय फोरला मोठे टायर चढले की पुढची खरेदी ठरलेली असते: 'हेवी' हाफ शाफ्ट, म्हणजे ॲक्सलमधून चाक फिरवणारा जाड दांडा. बेळगाव-खानापूर भागात हा क्रम उलटा हवा. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस, जांभ्याचा लाल गाळ आणि वाटेत आडवे येणारे ओढे यांत शाफ्ट मोडायच्या आधी हब (चाक ज्यावर बसतं तो बेअरिंगवर फिरणारा भाग) मरतो. बेअरिंगला पाणी लागतं, ग्रीसचं ताक होतं, चाक डुलतं, आणि दोष मात्र शाफ्टला दिला जातो.

तपासणी पाच मिनिटांची आहे. पुढचं चाक जॅकवर उचला, एक हात टायरच्या वर, एक खाली, आणि हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो हबच्या बेअरिंगमध्ये आहे. तसाच राहिला तर किंगपिनकडे, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीकडे, बघा.

हब उघडल्यावर बेअरिंगचे रोलर आणि कप (बाहेरची कडी) रॉकेलनं धुऊन पुसा आणि उजेडात फिरवून पाहा. राखाडी खड्डे दिसले तर पाणी शिरलं होतं. निळसर झाक दिसली तर नट जादा आवळला होता किंवा ग्रीस संपलं होतं. बेअरिंग बदलताना कपही बदला, जुन्या कपात नवा कोन (रोलरसह आतली कडी) घालू नका. स्पिंडलवर, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या स्थिर दांड्यावर, आतली कडी फिरून चर पडला असेल तर काही ठिकाणी सेंटर पंचनं ठिपके मारून ती 'टाइट' करून देतात. हे काम महिनाभरही टिकत नाही. स्पिंडलच बदला.

जुन्या सीजे मॉडेलच्या धर्तीवरच्या जीपच्या पुढच्या हबला दोन नट असतात. आतला नट चाक फिरवत फिरवत ५० फूट-पौंडांपर्यंत (सुमारे ६८ न्यूटन-मीटर) आवळायचा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग एक षष्ठांश फेरा सैल करायचा, लॉक वॉशर घालायचा आणि बाहेरचा नट पुन्हा ५० वर आवळायचा. पान्याला पाइप लावून 'घट्ट बसला' म्हणणाऱ्याच्या हातात हा नट देऊ नका. मारुती जिप्सीची पद्धत वेगळी आहे, तिचं मॅन्युअल बघा. पहिल्या लांब फेरीनंतर हबवर तळहात ठेवा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर बेअरिंग तंग आहे, नाहीतर ब्रेक धरतोय. दोन जातींची ग्रीस एकमेकांत मिसळू नका. जुनी पूर्ण काढून मगच नवी भरा.

पाणी आत कुठून जातं? बऱ्याचदा ब्रीदरमुळे, म्हणजे ॲक्सलच्या हौसिंगला (बाहेरच्या कवचाला) हवा घेण्यासाठी असलेल्या तोंडामुळे. रस्त्यानं येऊन तापलेलं हौसिंग थंड ओढ्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. ब्रीदर चिखलानं बंद असेल तर ऑइल सीलच्या ओठातून पाणी शिरतं. म्हणून पुढच्या-मागच्या दोन्ही हौसिंगचे ब्रीदर रबरी नळीनं बॉनेटच्या उंचीपर्यंत न्या, टोक खाली वळवा आणि त्यावर छोटा फिल्टर लावा. हे काम शाफ्टच्या किमतीच्या मानानं फुकटच म्हणायचं, खरं करत कोणी नाही. ओढे पार केल्यावर ड्रेन प्लग किंचित सैल करून बघा. आधी पाणी ठिबकलं किंवा ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर सगळं बदला.

चाकं बाहेर काढणारे स्पेसर हाही हबचा वैरीच. एका चाकावर ५०० किलो भार असेल आणि ३० मिलिमीटरचा स्पेसर घातला तर बेअरिंगवर १५ किलो-मीटरचा जादा वाकडा ताण चोवीस तास बसतो. चाक बाहेर काढणाऱ्या, कमी ऑफसेटच्या रिमचंही तेच. टायर घासतो म्हणून स्पेसर घालण्यापेक्षा स्टिअरिंगचे स्टॉप बोल्ट नीट लावा.

आता शाफ्ट. २८ इंची टायरच्या जागी ३१ इंची आला की तेवढ्याच ओढीसाठी शाफ्टवरचा पीळ सुमारे ११ टक्क्यांनी वाढतो. त्यात लॉकर (ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र बांधणारी यंत्रणा) बसवला तर हिशोबच बदलतो. साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन्ही चाकांत पीळ वाटणाऱ्या गिअरमध्ये) एक चाक घसरलं की दुसऱ्यावरचा पीळही तिथंच थांबतो. लॉकर लागला की ॲक्सलची सगळी ताकद एकाच शाफ्टवर येऊ शकते. दुसरीकडे, शाफ्टची पीळ सोसायची शक्ती व्यासाच्या घनावर जाते, म्हणजे व्यास १० टक्क्यांनी वाढवला तर ताकद ३३ टक्क्यांनी वाढते.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथची आणि फौंड्रीची कामं मुबलक, त्यामुळे 'इथंच करून घेऊ' हा मोह स्वाभाविक आहे. करा, पण चार गोष्टी लिहून द्या. माल ईएन २४ (मिश्र पोलाद) आणि टी अवस्थेत, म्हणजे उष्णोपचार केलेला, कठीणपणा २४८ ते ३०२ ब्रिनेल. नुसत्या ईएन ८ (साध्या कार्बन पोलादा) चा, उष्णोपचार न केलेला शाफ्ट आयता पिळणार. स्प्लाइन (शाफ्टच्या टोकाचे उभे दाते) हॉब केलेले, म्हणजे दाते कापायच्या खास मशीनवर कापलेले हवेत. स्प्लाइन संपतात तिथे शाफ्टचा व्यास स्प्लाइनच्या तळापेक्षा जाड ठेवायचा नाही, म्हणजे पीळ पूर्ण लांबीवर वाटला जातो. आणि फ्लँजच्या (टोकाच्या रुंद चकतीच्या) मुळाशी काटकोन सोडायचा नाही, गुळगुळीत गोलाई हवी. टूलची एक बारीक रेघ राहिली तरी तडा तिथूनच निघतो. मोडलेला शाफ्ट वेल्डिंग करून परत घालणं हा मात्र शुद्ध वेडेपणा.

नवा शाफ्ट घालण्याआधी त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रंगाची सरळ रेघ ओढा. पुढच्या वेळी उघडल्यावर रेघ वळसा घेतलेली दिसली तर शाफ्ट पिळला गेला आहे. मोडला नसला तरी बदला. मोडलेला तुकडाही बोलतो. सपाट, आडवा कट म्हणजे एकदम जादा पीळ आला. ४५ अंशात तिरका गेला म्हणजे पोलाद ठिसूळ होतं. शिंपल्यासारख्या वर्तुळाकार रेषा दिसल्या म्हणजे तडा बऱ्याच दिवसांचा होता, शेवटचा धक्का निमित्त झाला.

जिप्सीचा मागचा ॲक्सल सेमी फ्लोटिंग आहे: गाडीचं वजनही शाफ्टच पेलतो, आणि बेअरिंगबाहेर मोडला तर चाकच निघून जातं. फुल फ्लोटिंगमध्ये हब स्पिंडलवर बसतो, शाफ्टला फक्त पीळ सोसायचा असतो. घाटात ज्यांना सतत ओझं न्यायचंय त्यांनी जाड शाफ्टपेक्षा फुल फ्लोटिंगवर पैसा घालावा. जुन्या महिंद्रा जीपांत मागचा हब टेपरवर (शाफ्टच्या निमुळत्या टोकावर) 'की'सह (खाचेत बसणाऱ्या पट्टीसह) बसतो. तिथे टेपरला ग्रीस लावू नका. पीळ टेपरनं पेलायचा असतो, ती 'की' फक्त मदतीला असते. टेपरला मार्किंग ब्लू (कुठं टेकतं ते दाखवणारा निळा रंग) लावून हब बसवून काढा. निळा रंग निदान तीन चतुर्थांश भागाला लागला पाहिजे. काही जुन्या जीपना डाव्या चाकाचे आटे उलटे असतात, हेही ध्यानात ठेवा.

एक कडी घट्ट केली की पुढची तुटते. शाफ्ट जाड झाला तर बारी क्राऊन-पिनियनवर (डिफरन्शियलच्या मुख्य गिअरजोडीवर) येते, आणि ते सगळ्यांत महागडं. म्हणून कुठं मोडायचं ते आधीच ठरवा. पुढच्या ॲक्सलवर फ्री व्हील हब (शाफ्ट चाकाला जोडणारा-सोडणारा भाग) हाच फ्यूज असू द्या: बाहेरूनच काही बोल्ट काढून बदलता येतो, एक जादा हब सीटखाली मावतो. पूर्ण वळवलेल्या चाकावर मात्र रेस देऊ नका. सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही पीळ पोचवणारा सांधा) त्या कोनात सर्वांत कमकुवत असतो, जाड शाफ्टनं त्याला काही फायदा होत नाही.

बाहेर जाताना जुने, चाललेले मूळ शाफ्ट स्पेअर म्हणून घ्या. डावा-उजवा लांबीनं वेगळा असेल तर वर रंगानं लिहा. सोबत दोन ऑइल सील, हब नटचा सॉकेट आणि लांब दांड्याचा चुंबक. हौसिंगमध्ये अडकलेला तुकडा चुंबकानं निघाला नाही तर दुसऱ्या बाजूचा शाफ्ट काढून तिकडून सळई घालून ढकला. आणि डिफरन्शियलचं झाकण उघडून चुरा पुसल्याशिवाय गाडी हलवू नका.