तुम्ही विचारलंत म्हणून: पाचशेच्या नोटेबद्दल

मी परळची आहे म्हटलं की निवडणुकीच्या दिवसांत एक प्रश्न ठरलेला असतो. कधी ऑफिसात डबा खाताना, कधी लग्नाच्या पंगतीत. "तुमच्याकडे लोक पाचशेची नोट घेऊन मत देतात ना? मग पाच वर्षं पाणी नाही, घर नाही म्हणून ओरडता कशाला?" परवा भाचीच्या साखरपुड्यातही कुणीतरी विचारलं. तिथे भांडण नको म्हणून गप्प बसले, पण दोन दिवस मन लागलं नाही.

पाकिटं येतात, हे मी नाकारणार नाही. देणं गुन्हा आहे आणि घेणंही. पण गेली बारा वर्षं मी निवडणुकीआधी आमच्या चाळीच्या जिन्याखाली टेबल टाकून लोकांचे मतदार यादीचे फॉर्म भरून देते. तिथे माझ्यासमोर येऊन बसणाऱ्यांना आपलं मत टिकवायला किती पडतं, ते मी पाहिलं आहे.

आमच्या शेजारच्या चाळीतल्या एक मावशी आहेत. तीन घरी पोळ्या करतात. चाळ पुनर्विकासाला गेली, सगळी बिऱ्हाडं भाड्याने बाहेर पडली आणि बिल्डरकडून मिळणाऱ्या भाड्यात परवडेल असं घर मावशींना नालासोपाऱ्यात मिळालं. 20 मे 2024 ला, लोकसभेच्या दिवशी, त्या पहाटेच्या लोकलने आल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत मतदार ओळखपत्र, आधार आणि जुन्या भाडेपावत्या. बाहेर अंगाची लाही होत होती. दोन तास रांगेत उभ्या राहिल्या, आत गेल्या, आणि पाच मिनिटांत बाहेर आल्या. यादीत नाव नव्हतं. शाई न लागलेलं बोट माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "अगं, कार्ड आहे की माझ्याकडे!" कार्ड असून भागत नाही, यादीत नाव लागतं, हे त्यांना तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. चाळ पाडली, तपासणीला आलेल्या माणसाला दारच सापडलं नाही, आणि नाव गेलं.

कायदा काय म्हणतो? 1950 चा लोकप्रतिनिधित्व कायदा म्हणतो की जिथे तुम्ही सर्वसाधारणपणे राहता तिथे तुमचं मत. तात्पुरते बाहेर गेलात म्हणून तो हक्क जात नाही, असंही त्यात स्पष्ट आहे. म्हणजे कायदा मावशींच्या बाजूचा. पण ते सिद्ध करायला पत्ता लागतो, पत्त्याला कागद लागतो, आणि भाडेकराराची नोंदणी करून द्यायला घरमालक तयार नसतो. स्वतःच्या फ्लॅटमध्ये वीस वर्षं राहणाऱ्या माणसाला हा त्रास कळणारच नाही. त्याचं विजेचं बिल दर महिन्याला आपोआप येतं. एके काळी मुंबई महापालिकेचं मत घरपट्टी किंवा ठरावीक रकमेच्या वर भाडं भरणाऱ्यालाच असे. सगळ्या प्रौढांना ते 1948 मध्ये मिळालं. भाडेपावती तेव्हा सुटली असं आपण समजतो, पण माझ्या टेबलावर तीच पावती पुन्हा पुन्हा येऊन पडते.

आता सुट्टीचं बघा. 1951 च्या दुसऱ्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात 135 ब हे कलम आहे. मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी द्यायची, रोजंदारीवरच्यालासुद्धा. चांगलं कलम आहे. सुट्टी न देणाऱ्या मालकाला दंड किती? जास्तीत जास्त 500 रुपये. हो, तीच पाचशेची नोट. शिवाय कामगार न आल्याने मोठं नुकसान होणार असेल तर सूट. कलमात धंदा, व्यापार, उद्योग, आस्थापना असे शब्द आहेत. तीन घरच्या पोळ्यांना यातला कुठला शब्द लावायचा? मावशींचा त्या दिवशी एका घरचा खाडा लागलाच.

मोबाइलचंही तेच. केंद्रात फोन नेता येत नव्हता आणि ठेवायची सोय नव्हती. गाडीतून आलेला माणूस फोन गाडीत ठेवतो. थेट कामावरून आलेली बाई तो कुठे ठेवणार? कितीतरी जणी तशाच परत गेल्या. तसं उच्चभ्रू कुलाब्याचं मतदान शहरात बहुतेक वेळा सगळ्यात कमी असतं, पण तिथल्या माणसाला साखरपुड्यात कुणी जाब विचारत नाही.

पाचशेच्या नोटेचा हिशेब मागता ना, मग मोठ्या नोटांचाही मागा. लोकसभेच्या उमेदवाराला आपल्याकडे 95 लाख रुपये खर्चाची मर्यादा आहे. पक्षाला मर्यादाच नाही. कंपन्यांना पूर्वी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता येई. 2017 मध्ये ती अट काढली. 2018 पासून पक्षांना देणगी द्यायला निवडणूक रोखे आले. एकेक रोखा एक कोटीपर्यंतचा, आणि कुणी कुणाला दिला हे मतदाराला कळायची सोय नाही. सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 ला हे सगळं घटनाबाह्य ठरवलं. तोवर सहा वर्षं गेली होती. चाळीत पाकीट कोण वाटतो हे मात्र पोरासोरांनाही ठाऊक असतं.

आणि आमची माणसं नोटेवरच मत देतात म्हणता? माझे वडील गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, वडिलांची नोकरी त्यातच गेली. 1984 च्या डिसेंबरात देशभर काँग्रेसची लाट होती, तरी संपाचे नेते दत्ता सामंत आमच्या दक्षिण मध्य मुंबईतून निवडून आले. घरात तेव्हा मीठ-भाकरीचे दिवस होते. वडील आणि आई दोघंही मत देऊन आले.

त्या मताने काय झालं? मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत 58 वा नियम होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. 2001 मध्ये दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त बांधकाम नसलेल्या, मोकळ्या पडलेल्या जमिनीची. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हीच दुरुस्ती टिकली. ती कुठल्या निवडणुकीत आमच्यासमोर ठेवली होती? आमच्या खिडकीतून आता भोंग्याच्या जागी मनोरे दिसतात. त्यानंतर 7 मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं या शहराला नगरसेवकच नव्हता. पाणी आलं नाही तर मावशींनी कुणाचं दार ठोठवायचं होतं? पुनर्विकासवाल्यांना मंत्रालयाचा रस्ता माहीत असतो. आम्हाला वॉर्ड ऑफिसचा.

मे महिन्यानंतर मावशींचा फॉर्म मी पुन्हा भरला. तीन खेपा झाल्या, झेरॉक्स वेगळ्या. 20 नोव्हेंबरला, विधानसभेच्या दिवशी, नाव आलं होतं. भाग क्रमांक आणि अनुक्रमांक मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिला. बाहेर आल्यावर त्यांनी शाईचं बोट पदराला लागू नये म्हणून वर धरलं होतं. लोकलचं येण्या-जाण्याचं भाडं आणि दोन घरचा खाडा, एवढा त्यांचा त्या दिवसाचा खर्च. चहा मी पाजला, तर त्याचेही पैसे देत होत्या.