तुम्ही विचारलंत म्हणून: मंचावरून नावं का सांगत नाही?

गरजू घरांच्या मदतीसाठी आमची संस्था इंदूरात गणपतीत कलागुणांचा कार्यक्रम करते, आणि मदत कुणाला दिली ते मंचावरून सांगत नाही. म्हणून गणपती जवळ आले की हा प्रश्न येतोच. कधी फोनवर, कधी तिकिटं खपवताना, तर कधी स्मरणिकेची जाहिरात मागायला गेल्यावर, समोरचा चेक लिहीत असताना. "ताई, कार्यक्रम चांगला करता तुम्ही. पोरं गातात, नाचतात, सगळं छान. पण पैसा कुणाच्या घरी जातो? शेवटी दोन मिनिटं काढून चार नावं सांगितली तर काय बिघडतं?"

विचारणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असं मला वाटत नाही. पण दरवर्षी तेच उत्तर दारात उभं राहून घाईघाईने द्यायचं, ते अर्धवट राहायचं आणि मग "काहीतरी लपवतायत" असं कानावर यायचं, याचा आता खरंच कंटाळा आलाय. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

आधी हिशोब, कारण बहुतेकांच्या मनात तोच असतो आणि तोंडावर कुणी बोलत नाही. आमची संस्था मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली नोंदलेली आहे. वर्षाचे हिशोब सीए तपासतात. तिकिटं किती खपली, जाहिराती किती आल्या, हॉलचं भाडं, साउंडवाला, पोह्यांच्या स्टॉलवरची शिल्लक, सगळं स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर छापलेलं असतं. २ हजारांच्या वरच्या रोख देणगीला आयकरात सूट मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम आम्ही चेकनेच घेतो. मदतही हातात देत नाही. फी थेट शाळेच्या खात्यात जाते, औषधांचं बिल दुकानदाराला. कुणाला किती दिलं ते छापतो, फक्त नावाच्या जागी क्रमांक असतो. क्रमांकामागचं नाव समितीतल्या आम्हा तिघांना आणि सीएंना ठाऊक असतं. ज्याला शंका आहे त्याने सीएंना भेटावं, ते बिलं दाखवतील. नावावर पट्टी लावून दाखवतील, एवढाच काय तो फरक.

पण हे ऐकून समाधान होत नाही हेही मला माहीत आहे. देणाऱ्याला चेहरा हवा असतो. त्यात गैर काही नाही. आपला पैसा कुणाच्या तरी घरात उजेड पाडतोय हे डोळ्यांनी बघावंसं वाटणं माणसाचं आहे. मग मी एवढी हट्टाला का पेटते?

ते १९९५ च्या आसपासचं आहे. या संस्थेचं नव्हे. ते मंडळ वेगळं होतं, आता राहिलेलंही नाही. इंदूरची हुकुमचंद कापड मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली होती. बाकीच्या मिल्सचंही काही खरं नव्हतं. परदेशीपुरा, पाटनीपुरा, नंदानगर या भागांतल्या घरांत काय चाललं होतं ते इंदूरच्या माणसाला सांगायला नको. मराठी घरंही त्यात होती. तर अशा घरांसाठी मंडळाने गणपतीत कलागुणांचा कार्यक्रम ठेवला. बाबा खजिनदार होते. मी कॉलेजात होते, पेटी वाजवायचे, आणि अक्षर बरं म्हणून पावत्या लिहायचं कामही माझ्याकडे होतं.

एक मुलगी होती, असेल बारा-तेरा वर्षांची. नाट्यगीत म्हणाली. काळी चारमध्ये, जराही न डगमगता. मी साथीला होते, त्यामुळे अगदी जवळून पाहिलंय. डावा हात मांडीवर ठेवून ती बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत होती आणि समेवर येताना माझ्याकडे न बघता तबल्याकडे बघत होती. शेवटची तान अशी आली की मागच्या रांगेतून 'वन्स मोअर' झाला. तिने पुन्हा म्हटलं, आणि दुसऱ्यांदा तान वेगळी घेतली. त्या वयात!

तिची आई बाहेर पोह्यांच्या स्टॉलवर होती. सकाळपासून इतर बायकांच्या बरोबरीने राबत होती. कांदे तिनेच चिरले होते. लोक प्लेटा पुढे करत होते आणि ती पोह्यांवर शेव घालून, वर जीरावनचा मसाला भुरभुरून देत होती. तोवर ती आमच्यातलीच एक काकू होती.

गाणं संपलं आणि सूत्रसंचालकांनी मुलीला थांबवलं. म्हणाले, "या गुणी कन्येचे वडील मिलमध्ये होते. आज घरची परिस्थिती अशी आहे की शाळेची फी भरणंही कठीण झालंय. पण आपला समाज खंबीर आहे." मग वडिलांचं नाव, राहतात कुठे, सगळं सांगितलं. प्रमुख पाहुण्यांच्या हातात पाकीट दिलं. फोटोवाल्याने "आईंनाही बोलवा" म्हटलं. कुणीतरी बाहेर धावत गेलं. ती हातातला डाव तसाच ठेवून पदराला हात पुसत आली. फोटोवाला म्हणाला, "पाकीट जरा सरळ धरा, मंडळाचं नाव दिसू द्या." फ्लॅश नीट पडला नाही म्हणून फोटो पुन्हा काढला. टाळ्या झाल्या. गाण्याला झाल्या होत्या त्याहून जास्त झाल्या. त्या टाळ्या आजही माझ्या डोक्यातून जात नाहीत.

मुलगी पाकिटाकडे बघत नव्हती. ती दाराकडे बघत होती. दारात तिचे वडील उभे होते. कुठेतरी चौकीदारी करायचे, तसेच कामावरून आले असावेत. मी पाहिलं तेव्हा ते वळून निघाले होते. आई पुन्हा स्टॉलवर गेली खरी, पण आता तिच्या हातून प्लेट घेणारे तिला "नाही नाही, तुम्ही बसा" म्हणत होते. आपुलकीनेच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गृहस्थ सायकलवरून आमच्या घरी आले. पाकीट उघडलेलंही नव्हतं. टेबलावर ठेवून बाबांना म्हणाले, "माझ्या नावाची रसीद फाडा."

बाबा म्हणाले, "अहो, हे तुमच्यासाठीच आहे."

"ते कळलं मला काल. देणगी म्हणून लिहा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी पावतीपुस्तक उघडलं. रुपये ५०१, अक्षरी पाचशे एक फक्त. त्यांनी पावती नीट वाचली, नावातली वेलांटी दुरुस्त करायला लावली, घडी करून खिशात ठेवली. मग विचारलं, "स्मरणिकेत देणगीदारांची नावं छापता ना?" बाबा हो म्हणाले. "मग छापा." पुढच्या वर्षी ते नाव छापून आलं, एका सराफाच्या आणि एका डॉक्टरांच्या नावाच्या मधे.

हा प्रसंग मी कितीतरी लोकांना सांगितलाय आणि ऐकणारा दर वेळी म्हणतो, "वा! काय स्वाभिमान!" मला त्या 'वा'चा त्रास होतो. कारण पुढचं कुणी विचारत नाही. फी भरली गेली नाही. मुलीला वर्षाच्या मध्यातच शाळा बदलावी लागली. ती पुन्हा आमच्याकडे गायला आली नाही. बाबा दोनदा घरी जाऊन आले, चहा मिळाला, विषय निघाला नाही. ज्या पाकिटाने तिची शाळा टिकली असती ते पाकीट त्या फोटोपायी परत आलं.

आणि तेव्हा माझं मत काय होतं, तेही सांगते. बाबा दुःखी होते, आणि मी त्यांच्याशी भांडत होते. मी म्हणत होते, लाज कसली? त्यांनी चोरी केलीय का? मिल बंद झाली, कामगारांचा हक्काचा पैसा अडकला, यात मान त्यांनी का खाली घालावी? उलट नाव घेऊन, माइकवरून, ठणकावून सांगायला हवं. लपवलं की गरिबी आपोआप गुन्हा होते. कॉलेजातली मी असं बोलत होते, आणि आजही ती कॉलेजातली मी समोर उभी राहिले तर तिला गप्प करता येईल असं उत्तर माझ्याकडे नाही. तिला मी फक्त एवढंच विचारीन की ठणकावून सांगायचं ते कुणी? त्या संध्याकाळी माइक त्या वडिलांच्या हातात कुठे होता?

पैसा त्यांचाच होता हेही पुढे जगाला दिसलं. हायकोर्टाने २००७ मध्ये हुकुमचंदच्या कामगारांचं देणं २२९ कोटी ठरवलं. त्यातला मोठा भाग सुटायला २५ डिसेंबर २०२३ उजाडला. त्या दिवशी सुमारे २२४ कोटींचा चेक दिला गेला, ४,८०० कामगारांसाठी. मिल बंद झाल्याला तेव्हा ३२ वर्षं झाली होती. कित्येकांच्या वाटणीचे पैसे बायकामुलांनी घेतले, कारण घेणारा राहिला नव्हता. ज्यांचं असं येणं बाकी होतं, त्यांना आपण मंचावर उभं करून पाचशे एक रुपये देत होतो आणि खंबीर समाज म्हणून स्वतःलाच टाळ्या वाजवत होतो. याच मिल कामगारांनी मिल बंद पडल्यावरही अनंत चतुर्दशीची झांकी, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, बंद पडू दिली नाही. चंदा गोळा केला, पण रात्रभर गावाला झांकी दाखवली. गावासाठी कार्यक्रम कसा करायचा हे त्यांना आपण शिकवावं अशी वेळ कधीच नव्हती.

"मिलचे पैसे मिळाले, आता कार्यक्रम कशाला?" असंही कुणी विचारतं. आता मदतीच्या यादीत मिलवाले थोडे आहेत. डायलिसिसवाले आहेत, स्वयंपाकाची कामं करणाऱ्या बायका आहेत, कोरोनात कर्ता माणूस गेलेली घरं आहेत. एवढं पुरे.

आमच्या कार्यक्रमात भाग घेण्याची फी सगळे एकाच प्रकारच्या बंद पाकिटात टाकतात, वर नाव लिहायचं नाही, हा नियम त्या पाकिटावरूनच आलाय. काही पाकिटं रिकामी निघतात. कुणाची ते आम्हाला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. यादीतल्या घरांतली मुलं त्याच मंचावर गातात, नाचतात, मिमिक्री करतात, आणि त्यांना पडणारी टाळी त्या गाण्याची, त्या नाचाची असते.

याची किंमत आम्ही मोजतो. दोन मोठे जाहिरातदार याच कारणाने सुटले. एक जण स्पष्ट म्हणाले, "फोटो नाही तर मजा नाही." तो पैसा आला असता तर आणखी काही मुलांची फी गेली असती, हे मी नाकारत नाही. रात्री हे डोक्यात येतं तेव्हा झोप लागत नाही.

आणि यंदा तर नवाच पेच उभा राहिलाय. यादीतल्या एक बाई, ज्यांच्या नवऱ्याचं डायलिसिस चालू आहे, मला म्हणाल्या, "ताई, मला माइक द्या. माझं नाव मी सांगते. कुणी मदत केली, किती केली, सगळं सांगते. मला कसली लाज नाही, आणि लोकांना कळलं तर पुढच्यालाही मिळेल." म्हणजे माझाच कॉलेजातला मुद्दा, आणि या वेळी माइक मागणारी ती स्वतः आहे. मी नाही कशी म्हणणार? पण त्यांचा मुलगा नववीत आहे आणि याच कार्यक्रमात त्याचं तबल्याचं सोलो आहे. मी विचारलं, त्याला विचारलंत का? त्या म्हणाल्या, "त्याला काय विचारायचं, तो लहान आहे."

समितीत तिघांची तीन मतं आहेत. बैठक रविवारी आहे. मी तबल्याच्या सरांना निरोप पाठवलाय की बैठकीआधी मुलाशी बोलायचंय, एकट्याशी.