मशीनचा रिपोर्ट उत्तम, आणि मी कॅश काउंटरवर पेंगतोय

मला स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार निघाला. रात्री मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन घरी आलं आणि माझं घोरणं थांबलं. घरचे शांत झोपायला लागले आणि त्यांच्यापुरता विषय मिटला. माझा नाही मिटला. मी पतसंस्थेत कॅशला बसतो. जेवणानंतर गठ्ठा मोजता मोजता डोळा लागायचा, मग पुन्हा पहिल्यापासून मोजायचं आणि समोरच्या खातेदाराची नजर टाळायची.

निदान, रात्रभराची स्लीप स्टडी, मास्कचं माप हे सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहीत नाही. अडकलो फॉलोअपला.

दर वेळी तीच वारी. मशीनमधलं कार्ड डीलरकडे न्यायचं, प्रिंट काढून घ्यायची आणि ती घेऊन ओपीडीच्या रांगेत बसायचं. आत गेल्यावर डॉक्टर एकच आकडा बघणार, एएचआय. झोपेत तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो, तो हा आकडा. पाचच्या आत नॉर्मल, तीसच्या वर गंभीर. माझा आधी चाळिशीपार होता, मशीनवर दोनच्या आसपास आला. "उत्तम! असंच चालू ठेवा." मी म्हणायचो, दिवसा झोप आवरत नाही. "रोज किती तास लावता?" सहा-सात. "मग झोप यायला नको." अहो, यायला नको हे मलाही कळतं, पण येतेय ना! डीलरकडे जावं तर तो म्हणणार, "काका, प्रेशर बरोबर आहे, लीक नाही. डॉक्टरांना विचारा." डॉक्टरांकडे जावं तर, "मशीनचं काही असेल तर डीलरशी बोला."

त्यात दिवसा किती झोप येते हे मोजणारा तो एपवर्थचा फॉर्म. १९९१ साली मेलबर्नमध्ये तयार झालेली ही प्रश्नावली. आठ प्रसंग, प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीन, एकूण चोवीस. बेरीज दहाच्या वर गेली तर झोप जास्त. कागद साधा आहे, पण आमच्या ओपीडीत तो रिसेप्शनवरची मुलगी फोन कानाला लावून भरायची. "काका, टीव्ही बघताना झोप लागते? ती सगळ्यांनाच लागते, एक लिहू? कोणाशी बोलताना? शून्यच ना? जेवणानंतर, दारू न घेता?" हे शेवटचं भर रांगेत, मोठ्याने. बेरीज सात. पुढच्या वेळी सहा. फाइलवर शेरा पडला, 'तक्रार नाही'.

शेवटी मी कोरा फॉर्म मागून घरी आणला. बायको शेजारी बसली. "बोलताना शून्य? अहो, परवा माझ्या भावाशी बोलता बोलता मान टाकलीत. तो अजून विचारतोय, दाजी रागावलेत का म्हणून." बेरीज पंधरा आली. हा फॉर्म कधीही एकट्याने भरू नका, आणि दुसऱ्याला तर भरूच देऊ नका.

तो कागद घेऊन पुण्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मशीनची प्रिंट बघितली, बाजूला ठेवली आणि गोळ्यांची पिशवी मागितली. सर्दीसाठी रोज रात्री घेत असलेली सेटिरिझिन आधी बदलली, तिनेही झोप येते म्हणून. थायरॉइड, बी-१२, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) तपासलं, रात्री पाय वळवळतात का, मन उदास असतं का, हेही विचारलं. दोन आठवडे झोपेची वही लिहायला लावली. हे सगळं निस्तरूनही झोप राहिली, तेव्हा एमएसएलटी केली, म्हणजे दिवसा किती लवकर झोप लागते ते मोजणारी चाचणी. आदल्या रात्री लॅबमध्ये मशीन लावून झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी डुलकीची संधी, अशा पाच. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली तर ती जास्त धरतात. माझी त्याच्या बरीच आत आली. खोटं वाटेल, पण रिपोर्ट वाईट आला म्हणून मला भरून आलं. नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा मेंदूचा आजार, नव्हती.

चाचणीला जाताना स्वतःचा मास्क न्या. त्या दिवशी चहा-कॉफी बंद असते, आणि मधल्या वेळात डोळा लागू द्यायचा नसतो. त्यासाठी सोबतीला बोलकं माणूस हवं.

डॉक्टर म्हणाले, श्वास सुधारल्यावरही काही जणांची झोप उरते. वर्षानुवर्षं ऑक्सिजन खाली-वर होत राहिला की जागं ठेवणाऱ्या पेशींना इजा होते, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. माणसात नेमकं काय होतं ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. आळस नाही, एवढं मला पुरलं. सकाळी मोडाफिनिल सुरू केलं. ही गोळी जागं ठेवते, घसा उघडा ठेवत नाही, म्हणून रात्रीचं मशीन सुटत नाही. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांनी ते डॉक्टरांना आधी सांगावं, त्यांचा परिणाम यामुळे कमी होतो. आणि ओळखीच्या केमिस्टकडून परस्पर घेऊ नका, बीपी बघावं लागतं.

हो, स्कूटरचं राहिलंच. झोप आटोक्यात येईपर्यंत मी बसने जात होतो. तुम्हीही किल्ली घरी ठेवा.

आता दुपारचा हिशोब एका मोजणीत जुळतो. जुन्या ओपीडीतल्या फाइलवर मात्र 'तक्रार नाही' तसंच आहे. तो शेरा खोडून घ्यायला मी एकदा जाणार आहे, पुण्याचा रिपोर्ट घेऊन.