तपासणीचा दिवस

आज आमच्या ज्येष्ठ निवासाच्या स्वयंपाकघराची तपासणी झाली. ओटे चकाचक, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या. तपासणीला आलेल्या बाईंनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थेट फ्रिज उघडून थर्मामीटर ठेवला. ८ अंश! असायला हवेत ५ च्या आत. दाराचं रबर सैल झालंय, हे मला महिनाभर दिसत होतं. (दिसत होतं, हेच बोचतंय.) लिस्टेरिया हा अन्नातून होणाऱ्या आजाराचा जिवाणू, म्हाताऱ्यांना जास्त घातक; तो थंडीतही वाढतो, आणि आमच्याकडे जेवणारे सगळे सत्तरीपुढचे. नोंदवहीत मात्र रोज इमानेइतबारे ४ अंश, एकाच पेनानं लिहिलेले. बाईंनी ते पान माझ्यापुढे धरलं, बोलल्या काहीच नाहीत. दूध, शिजवलेलं उरलंसुरलं, सगळं टाकलं. जेवणाला तासभर उशीर झाला. एका आजींनी हळूच विचारलं, "पास झालास का रे?"