आमिष गळावर नको, गळाखाली हवं: धरणातल्या कार्पसाठी हेअर रिग, माझा अनुभव

पुण्याच्या आसपास गळ टाकणाऱ्यांची जुनी पद्धत सगळ्यांना माहीत आहे. कणीक, शेंगदाण्याची पेंड, थोडी बडीशेप नाहीतर हिंग एकत्र मळायचं, लिंबाएवढा गोळा करायचा, त्यात तीन-चार गळ खुपसायचे आणि लांब फेकायचा. याने मासा लागतो, नाही असं नाही. पण कुठे लागला ते एकदा निरखून पाहा. कधी गालाला बाहेरून, कधी डोळ्याखाली, कधी पोटाला. म्हणजे माशाने गळ तोंडात घेतलेलाच नसतो. तो गोळ्याभोवती घुटमळत असतो आणि आपण झटका दिला की जवळचा गळ त्याच्या अंगात घुसतो. असा लागलेला मासा ओढताना फाटून सुटतो आणि पुढे बहुतेक जगत नाही. म्हणून मी ही पद्धत सोडली आणि एका गळाच्या हेअर रिगवर आलो. ती हाताला बसेपर्यंत काय चुकत गेलं आणि का, ते इथे लिहितो.

आधी मासा खातो कसा ते बघू. सायप्रिनस (कॉमन कार्प), रोहू, मृगळ या कार्प जातीच्या माशांच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. मासा पाण्यासकट घास ओढून घेतो, तोंडात चाचपतो, नको असलेलं फुंकून टाकतो आणि उरलेलं घशातल्या दातांनी चिरडतो. गळाभोवती कणीक घट्ट असेल तर दोन गोष्टी होतात. टोक कणकेत गाडलेलं राहतं, त्यामुळे फुंकताना ते ओठाला टोचत नाही. शिवाय जड, ताठ घास माशाला खटकतो. १९८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये लेन मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी यावर साधा उपाय काढला: आमिष गळावर न लावता गळाखाली केसाएवढ्या बारीक दोऱ्याला लटकवायचं. सुरुवातीला खरोखर माणसाचा केस वापरला होता, म्हणून नाव हेअर रिग. मासा आमिष ओढतो, पाठोपाठ मोकळा गळ तोंडात जातो, आणि फुंकताना उघडं टोक खालच्या ओठाला धरतं.

सामान फार लागत नाही. मुख्य तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, ०.३० ते ०.३५ मिलीमीटर जाडीचा. गळ ६ आणि ८ नंबरचे, आखूड दांडीचे, रुंद तोंडाचे. गळाचा नंबर उलटा चालतो, ४ नंबर मोठा आणि १० नंबर लहान, हे दुकानात मागताना लक्षात ठेवा. जोडदोऱ्याला, म्हणजे गळ आणि मुख्य तंगूस यांना जोडणाऱ्या आखूड दोऱ्याला, १५ ते २० पौंड ताण सोसणारा विणलेला मऊ दोरा घ्या, तंगूस नको. तंगूस ताठ असतो, त्यामुळे केस लवचीक राहत नाही आणि सगळी युक्ती तिथेच संपते. आमिष ओवायला तुळशीबागेत मिळणारी सर्वांत बारीक क्रोशाची सुई पुरते. आमिष घसरू नये म्हणून दुकानात प्लॅस्टिकचे स्टॉपर मिळतात, पण खराट्याची हीर चार मिलीमीटर कापून लावली तर तेच काम होतं.

आता गाठ. हिला नॉटलेस नॉट म्हणतात. सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश सांगतो. दोरा २५ ते ३० सेंटिमीटर कापा. एका टोकाला पाच मिलीमीटरचा छोटा फास करा. सुईवर आधी मक्याचे दोन दाणे ओवा, सुईच्या आकड्यात फास अडकवा, दाणे फासावरून दोऱ्यावर सरकवा आणि फासात हीर घाला. मग दोऱ्याचं मोकळं टोक गळाच्या नेढ्यातून पाठीमागून घाला, म्हणजे गळाचं टोक ज्या बाजूला आहे तिच्या उलट बाजूने. दाणे गळाच्या वाकाच्या खाली लटकतील असा केस (दाणे ओवलेला दोऱ्याचा भाग) ओढून घ्या. वाक आणि पहिला दाणा यांत गव्हाच्या एका दाण्याएवढी फट हवी, पाच-सहा मिलीमीटर. केस दांडीला लावून धरा आणि मोकळ्या टोकाने दांडी व केस यांना मिळून सात-आठ वेढे द्या, नेढ्यापासून वाकाकडे, एकाला एक चिकटून. शेवटी तेच टोक पुन्हा नेढ्यात घाला, याही वेळी पाठीमागूनच. ओलं करून हळू आवळा. कोरडं आवळलं तर दोरा घासून कमजोर होतो आणि मोठा मासा नेमका तिथेच तोडतो.

शेवटची फेरी पुढून घातली तर गाठ दिसायला तशीच दिसते, पण ओढ बसली की गळ वळत नाही. तपासायला सोपं आहे. जोडदोरा तळहातावर ठेवून हळू ओढा. गाठ बरोबर असेल तर गळ आपोआप फिरून कातडीला टोचतो. नुसता घसरत गेला तर गाठ सोडा आणि पुन्हा बांधा. टोकाची धार अंगठ्याच्या नखावर पाहा: अलगद टेकवल्यावर गळ नखावर थबकला पाहिजे. घसरला तर तो गळ बाद. खडकाळ तळावर चार-पाच फेकींत धार जाते, आणि बोथट गळाला चांगल्या गाठीचा काही उपयोग नाही.

फटीबाबत माझा ठाम अनुभव असा की बहुतेक लोक ती कमी ठेवतात. दाणा वाकाला टेकला की टोक झाकलं जातं आणि मासा येऊन निसटून जातो. काठी थरथरते, हाती काही येत नाही. उलट केस फार लांब ठेवला तर आमिष आत जातं आणि गळ ओठाबाहेर राहतो. लागलेल्या माशाचं तोंड हाच खरा पुरावा. खालच्या ओठाच्या मधोमध लागला असेल तर काही बदलू नका. तोंडाच्या कडेला किंवा बाहेरून लागत असेल तर केस दोन-तीन मिलीमीटरने कमी करून पाहा. काठी हलते पण लागतच नाही, तर तेवढाच वाढवून पाहा.

शिशाचंही तेवढंच महत्त्व आहे. मी ६० ते ८० ग्रॅमचं, मधून आरपार भोक असलेलं शिसं वापरतो. मुख्य तंगूस त्यातून ओवायचा, टोकाला स्विव्हल (दोन्ही टोकांना कड्या असलेला फिरता जोड) बांधायचं, त्याच्या दुसऱ्या कडीला जोडदोरा, आणि स्विव्हलचं डोकं सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीच्या तुकड्याने शिशाच्या बुडात अर्धवट बसवायचं. मासा टोच लागून दचकला की शिशाचं वजन त्याला अचानक जाणवतं, तो पळतो आणि पळतानाच गळ रुतवून घेतो. आपण झटका द्यायची गरज नसते, काठी उचलली की झालं. झटक्याची सवय लागलेल्या हाताला हे फार जड जातं, पण झटक्याने ओठ फाटतो. आणखी एक बाब, जिच्यावर तडजोड नको: तंगूस तुटला तर मासा हिसका देऊन स्विव्हल रबरातून सोडवू शकला पाहिजे आणि शिसं तंगुसावरून निसटून पडलं पाहिजे. शिशाच्या वर दुसरी गाठ किंवा मणी ठेवला तर मासा ८० ग्रॅमचं ओझं घेऊन फिरत राहतो आणि झुडपात अडकून मरतो. ही चूक मी अनेकांच्या काठ्यांवर पाहिली आहे.

जोडदोरा १५ सेंटिमीटर पुरे. मऊ दोरा फेकताना मुख्य तंगुसाला गुंडाळतो, म्हणून शिसं पाण्यावर पडायच्या क्षणभर आधी रिळाच्या कडेवर बोट ठेवून तंगूस थोपवा. जोडदोरा पुढे सरळ पसरतो आणि गुंता होत नाही.

आमिषाचं मोजमाप आता. सुका मका २४ तास भिजवा, अर्धा तास उकळा, सालं फुटू लागली की उतरवा आणि त्याच पाण्यात आणखी एक दिवस झाकून ठेवा. पाणी चिकट होतं, जरा आंबूस वास येतो, तो हवाच असतो. हरभरा रात्रभर भिजवून वीस मिनिटं शिजवा, बोटांत दाबला तर दबावा पण फुटू नये. अर्धकच्चं धान्य पाण्यात कधीही टाकू नका, ते माशाच्या पोटात फुगतं.

उजनीला मात्र मका टिकत नाही. तिथे चिलापी (तिलापिया मासा) भरपूर, ती पाच मिनिटांत दाणे कुरतडून केस रिकामा करते. तिथे उकडलेल्या कडक गोळ्या लागतात, ज्यांना बॉइली म्हणतात. माझं प्रमाण: २०० ग्रॅम बारीक रवा, १२० ग्रॅम सोयाबीनचं पीठ, ८० ग्रॅम चाळलेली शेंगदाणा पेंड, एक चमचा बडीशेप पूड. चार अंडी फेटून त्यात कोरडं मिश्रण थोडं थोडं घाला, लागलं तर पाचवं अंडं. वीस मिनिटं झाकून ठेवलं की रवा ओल शोषतो आणि पीठ हाताला चिकटणं थांबतं. १४ मिलीमीटरच्या, म्हणजे मोठ्या बोराच्या बीएवढ्या गोळ्या वळा. खळखळत्या पाण्यात एका वेळी वीस-पंचवीसच टाका आणि दीड-दोन मिनिटांत काढा. एकदम सगळ्या टाकल्या तर पाणी थंडावतं, गोळ्या बाहेरून विरघळतात आणि आतून कच्च्या राहतात. मग सुती कापडावर दोन दिवस सावलीत वाळवा. उन्हात वाळवल्या तर तडकतात आणि ओवताना दोन तुकडे होतात. एक गोळी मधोमध ओवून ६ नंबरच्या गळाला लावा.

मासे जमवायला पाण्यात टाकायच्या चाऱ्यासाठी पेंड, तांदळाचा कोंडा आणि भाजलेलं ज्वारीचं पीठ सारख्या भागात घेतो, गुळाच्या पाण्याने नुसतं ओलसर करतो. मुठीत दाबल्यावर गोळा टिकावा, आणि बादलीतल्या पाण्यात सोडल्यावर पाच-सात मिनिटांत उसवून पसरावा. जास्त ओला झाला तर तासभर तसाच पडून राहतो, मासा त्यातलंच खात बसतो आणि आपल्या गळाकडे येत नाही. सुरुवातीला संत्र्याएवढे चार-पाच गोळे, नंतर मासा लागेल तसा एकेक.

तळ गाळाचा असेल तर आमिष आणि गळ दोन्ही त्यात बुडतात. जुन्या स्लिपरच्या तळाचा मसुराएवढा फोम कापून दाण्यांच्या मध्ये ओवा. बादलीत टाकून पाहा: गळ खाली टेकलेला आणि दाणे त्याच्या वर किंचित उभे, एवढंच हवं. फोम जास्त झाला तर गळासकट सगळं तरंगतं. पानशेत-वरसगावच्या काठावर उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असताना एक चक्कर मारा. जुन्या बांधांची दगडं, बाभळीची खुंटं, मुरमाची टापू, गाळपेरीनंतर उरलेले सड, सगळं डोळ्यांनी दिसतं. पावसाळ्यानंतर तेच पाण्याखाली असतं, आणि कुठे फेकायचं नाही हे तेव्हा आठवलं पाहिजे.

कटल्याला ही रिग तळावर लावून उपयोग नाही. त्याचं तोंड वर वळलेलं, तो मधल्या आणि वरच्या पाण्यात बारीक जीव टिपतो. त्याच्यासाठी बूच लावून आमिष तळापासून दीड-दोन मीटर वर ठेवा आणि चारा असा बारीक करा की पाण्यात ढग पसरेल. रोहू मधल्या पाण्यातला, पण तळाशीही उतरतो. त्याचा ओठ मऊ, म्हणून रिळाचा ब्रेक सैल ठेवा. मृगळ तळाचाच, तो मक्यावर चांगला येतो.

गांडुळांसाठी मात्र हेअर रिगपेक्षा एग लूप बरा. ही गाठ उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या नद्यांतली. तिथे सामन आणि स्टीलहेड (हा समुद्रात जाऊन परतणारा रेनबो ट्राउट) धरायला माशांच्या अंड्यांचा पुंजका गळावर लावतात, आणि तो सुईने टोचला तर फुटतो. म्हणून नेढ्याजवळ एक उघडमीट होणारा फास ठेवतात. आखूड दोऱ्याचं एक टोक नेढ्यातून घालून दांडीला लावायचं, त्यावर नेढ्याकडून वाकाकडे दहा-बारा वेढे द्यायचे, मग दुसरं टोक नेढ्यातून घालून दांडीवर टेकवायचं, दोन टोकांच्या मध्ये राहिलेल्या दोऱ्याच्या फेऱ्याने त्यावर आणखी सहा-सात वेढे देऊन लांब टोक ओढायचं. दोरा मागे ढकलला की फास उघडतो. गांडुळांचा जुडगा त्यात घालून ओढलं की पकडला जातो. शिळ्या चपातीच्या कडेलाही चालतो.

परवानगीचं विसरू नका. आपल्याकडे जलाशयातली मासेमारी बहुधा मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते, त्यांना विचारूनच बसावं. भिंतीजवळच्या बंदी असलेल्या भागात जाऊ नये. पावसाच्या सुरुवातीला चढणीचे मासे अंड्यांनी भरलेले असतात, तेव्हा मी गळ टाकत नाही. देहूसारख्या जागी, जिथे इंद्रायणीच्या डोहात मासे राखलेले आहेत, तिथे तर नाहीच. चुकून महसीर लागला तर पाण्यातच गळ काढून सोडा. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्गअभ्यासक कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या महसीरचं शास्त्रीय वर्णन छापलं ते पुण्याच्या नदीतल्याच माशांवरून, आणि त्याचं टॉर खुद्री हे शास्त्रीय नावही इथल्याच बोलीतलं.

सोडायचा मासा कोरड्या हाताने धरू नका, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. ओलं गोणपाट अंथरा, त्यावर ठेवा, गळ ज्या वाटेने गेला त्याच वाटेने मागे ढकलून काढा. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकला असेल तर हे दोन सेकंदांचं काम आहे, आणि दोरा ताणलेला ठेवला तर त्यामुळे मासा सुटत नाही. घरी आल्यावर जोडदोरे कापून टाका, स्विव्हल गोड्या पाण्यात धुऊन वाळवा आणि पुढच्या खेपेसाठी सहा नवे जोडदोरे आदल्या रात्रीच बांधून जुन्या सायकल ट्यूबच्या तुकड्यावर गुंडाळून ठेवा. काठावर, वाऱ्यात, ओल्या बोटांनी ती फट नीट साधत नाही.