तुम्ही विचारलंत म्हणून: विमानाचा गेम कुठून सुरू करू?

गणपतीत, लग्नात, इंदूरच्या छप्पन दुकानात पोहे खाताना सुद्धा कुणी ना कुणी विचारतंच की ते विमान उडवायचं आम्हालाही शिकायचंय, जॉयस्टिक कुठली घेऊ? तर आत्ता कुठलीच घेऊ नका. घरात एक्सबॉक्सचा कंट्रोलर पडला असेल तर सुरुवातीला तो पुरतो. पुढे हौस टिकली तर अशी घ्या की जिचा दांडा मुठीत पिळता येतो, त्या पिळण्यावर रडर (शेपटीची उभी फळी, नाक डावीउजवीकडे वळवणारी) चालतं, मग पायातल्या पेडलचा खर्च वाचतो.

मायक्रोसॉफ्टचा 2020 किंवा 2024 वाला सिम्युलेटर दिसायला सगळ्यात भारी, पण ग्राफिक्स कार्ड दणकट लागतं आणि नेटही, कारण खालच्या जमिनीचे फोटो उडता उडता नेटवरून येत असतात. जुना लॅपटॉप असेल तर जिओएफएस सरळ ब्राउझरमध्ये उघडतं, फ्लाइटगियर फुकट आहे, एक्स-प्लेन 12 चा डेमोही फुकट मिळतो. यावर फार डोकं खपवू नका.

डोकं खपवायचं ते विमानावर. प्रत्येक जण पहिल्या दिवशी एअरबस ए320 उघडतो, अर्धा तास बटणं शोधतो, मग ऑटोपायलट लावून खिडकीतून ढग बघत बसतो, आणि शिकला काय तर बटणं! छोटं, एका पंख्याचं सेसना 172 घ्या. आणि न्यूयॉर्क-दुबई सोडून आपल्या इंदूरच्या विमानतळावरून निघा, कोड व्ही ए आय डी. खालचा प्रदेश ओळखीचा असला की आपण कुठे आहोत हे नकाशा न बघता कळतं, नवख्याला निम्मा त्रास त्याचाच असतो. राजवाडा मात्र शोधत बसू नका, बहुतेक घरं प्रोग्रॅमने अंदाजाने उभी केलेली असतात. तलाव आणि रस्ते बघा.

विमान धावपट्टीवर उभं असताना उंचीचा काटा 1,850 फुटांच्या आसपास दाखवेल. बिघडलेला नाहीये, तो समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो आणि आपण माळव्याच्या पठारावर आहोत. म्हणजे जमिनीपासून हजार फूट वर राहायचं तर काट्यावर 2,850 हवेत, हे एकदा डोक्यात बसलं की बरेच घोळ मिटतात.

वारा पश्चिमेचा असेल तर धावपट्टी 25, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून धावायचं. फुल थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची पूर्ण पॉवर, आणि 55 नॉट्सला (साधारण ताशी 100 किमी) नाक हलकेच उचला. विमान डावीकडे ओढेल, ते पंख्यामुळे, उजवा रडर द्या, नाहीतर सेटिंगमध्ये ऑटो-रडर चालू ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. वर गेल्यावर डावीकडे, परत डावीकडे वळा, की धावपट्टीला समांतर उलटे जाताय, विमानतळ डाव्या हाताला आणि सिरपूर तलाव तिथेच कुठेतरी खाली. इथे ट्रिम शिका, म्हणजे नाक आहे तिथेच धरून ठेवणारं छोटं चाक. लोक दांडा घट्ट धरून विमानाशी कुस्ती खेळतात, तसं नाही, नाक हवं तिथे आणा, मग ट्रिम थोडं थोडं फिरवत राहा, दांड्यावरचा जोर संपेपर्यंत, मग हात सोडा. विमान आपलं आपण सरळ जायला लागलं की जमलं.

उतरताना वेग साधारण 65 नॉट्स. आणि नवख्याला उलटं वाटतं ते हे की वेग नाकाने सांभाळायचा आणि उंची थ्रॉटलने, खाली राहिलात तर नाक वर ओढू नका, पॉवर द्या. नाक ओढलंत तर वेग मरतो, स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल जाऊन विमान खाली पडायला लागतं, आणि जमिनीजवळ सावरायला उंची कुठून आणणार. धावपट्टीशेजारी चार दिवे असतात, दोन पांढरे दोन लाल म्हणजे बरोबर, चारही लाल म्हणजे फार खाली. अगदी शेवटी नजर धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला ठेवा, समोरच्या डांबराकडे बघितलंत की आपटलंच. बसत नाही वाटलं तर फुल पॉवर देऊन परत एक चक्कर, खरे पायलटही तेच करतात.

हे सर्किट, म्हणजे उडून विमानतळाभोवती चक्कर मारून परत उतरणं, हातात बसलं की भोपाळला जाऊन या, ऑटोपायलट न लावता, देवास, आष्टा, सीहोर असा हायवे धरून. सेसनात तासाभराच्या आत होतं. मोठा तलाव दिसला की त्याच्या उत्तरेला राजा भोज विमानतळ आहे. एअरबसचं त्यानंतर विचारा.