आर्गोनियाच्या महापौरबाई

"तिथे बघायला आहे काय?" विचिटाहून निघताना भावाने तिसऱ्यांदा विचारलं.

"एक घर," मी म्हटलं.

"अजून?"

"अजून काही नाही."

तो इथे विमानांच्या कारखान्यात नोकरीला आहे. सहा वर्षांत त्याला कधी नैऋत्येला पन्नास मैल जावंसं वाटलं नव्हतं, आणि त्यात त्याची चूकही नाही. कॅन्ससचा हा भाग म्हणजे गहू, गहू आणि मग थोडा आणखी गहू. आम्ही गेलो ते जूनमध्ये, ऐन कापणीच्या दिवसांत. मागच्या सीटवर आई होती. कम्बाइन मशीन शेतातून फिरताना दिसलं की ती म्हणायची, "माणसं कुठायत यांची?" आमच्या साताऱ्याकडे सुगीला शिवार माणसांनी भरलेलं असतं. इथे शंभर एकरांत एक माणूस, तोही काचेच्या केबिनमध्ये बसलेला.

आर्गोनिया आलं ते आधी दुरून दिसलं. या मुलुखात गाव जवळ आल्याची खूण म्हणजे धान्याचं उंच कोठार. आपल्याकडे देवळाचा कळस दिसावा तसं ते दिसतं. वस्ती जेमतेम साडेचारशेची. नाव मात्र ग्रीक पुराणातल्या 'आर्गो' जहाजावरून घेतलेलं, आणि समुद्राचा कुठे पत्ता नाही. एवढ्याशा गावाला इथल्या कायद्यात 'तिसऱ्या वर्गाचं शहर' म्हणतात. म्हणून त्याला महापौर असतो, नगर परिषद असते. आपल्या हिशेबाने सरपंच आणि ग्रामपंचायत.

४ एप्रिल १८८७ रोजी, सोमवारी, या गावाने सुझाना मेडोरा सॉल्टर नावाच्या सत्तावीस वर्षांच्या बाईला महापौर निवडलं. अमेरिकेतली ही पहिली महिला महापौर. त्याआधी १८६२ मध्ये आयोवातल्या ओस्कालूसा गावात नॅन्सी स्मिथ निवडून आल्या होत्या, पण त्यांनी पद घेतलंच नाही. म्हणून पहिलेपणाचा मान सुझानाबाईंकडे येतो.

मला ओढून नेलं ते त्या निवडून कशा आल्या या गोष्टीने. ती मी गाडीत आईला सांगत होते.

कॅन्ससमध्ये बायकांना शहराच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क मिळाला तो त्याच वर्षी फेब्रुवारीत. गावात दारूबंदीचं काम करणारी बायकांची संघटना होती, विमेन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन. राज्यात दारूबंदी १८८१ पासूनच होती, पण कायदा असणं आणि दारू बंद असणं यातला फरक आईला सांगावा लागला नाही. आमच्याकडे बायकांनी मतदान करून बाटली आडवी केलेली तिने पाहिलेली आहे. तर या बायकांनी सभा घेऊन आपल्या पसंतीच्या उमेदवारांची यादी केली. यादीत सगळे पुरुषच. बायकांनी निवडणुकीत नाक खुपसलं म्हणून काही पुरुष चिडले. त्यांनी तीच यादी उचलली, फक्त महापौराच्या जागी सुझानाबाईंचं नाव घातलं. हेतू असा, की बाईला चार मतं पडतील, गाव हसेल आणि बायका पुन्हा या भानगडीत पडणार नाहीत.

हे जमलं कारण तेव्हा सरकारी मतपत्रिका नव्हतीच. ज्याने त्याने आपापली यादी छापायची आणि मतदाराने ती पेटीत टाकायची. उमेदवाराची संमती नको, आधी जाहीर करणं नको. स्वतः सुझानाबाईंना मतदान सुरू होईपर्यंत आपण उभे आहोत याचा पत्ता नव्हता.

सकाळी रिपब्लिकन पक्षाची माणसं चौकशीला घरी आली तेव्हा त्या धुणं धूत होत्या. निवडून आलात तर पद घ्याल का, असं त्यांनी विचारलं. बाई हो म्हणाल्या. मग त्या माणसांनी ठरवलं की खोडी काढणाऱ्यांची खोड मोडायची. बायकांच्या संघटनेनेही आपला उमेदवार सोडला आणि सगळी मतं यांना दिली. संध्याकाळी मोजणी झाली तेव्हा दोन तृतीयांश मतं सुझानाबाईंची.

"आणि नवरा?" आईचा पहिला प्रश्न.

नवरा, लुईस सॉल्टर, मत द्यायला गेला तेव्हा यादीवर बायकोचं नाव बघून वैतागला. घरी आल्यावर ती हो म्हणाल्याचं कळलं तेव्हा आणखी वैतागला. पुढे सवय झाली, आणि 'मी महापौरांचा नवरा' अशी थट्टा तो स्वतःच करायला लागला.

"सह्या कोण करायचं?" आईचा दुसरा प्रश्न.

यावर भावाला हसू आलं, मला नाही. नव्वदच्या दशकात राखीव जागेवर आई एक मुदत ग्रामपंचायतीत सदस्य होती. बैठकीची सूचना घेऊन शिपाई यायचा आणि कागद बाबांच्या हातात द्यायचा. आई तो कागद बाबांकडून मागून घ्यायची. यापलीकडे ती त्या पाच वर्षांबद्दल फारसं बोलत नाही.

घर सापडायला वेळ लागला नाही, गावात हरवण्याइतके रस्ते नाहीत. १८८४ चं घर, १९७१ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत, आता संग्रहालय. दाराला कुलूप होतं. आधी चौकशी करून यायला हवं होतं, ती मी केली नव्हती. भावाने काही न बोलता माझ्याकडे पाहिलं. आईने मात्र घराला पूर्ण एक फेरी मारली आणि मागच्या अंगणात उभं राहून म्हणाली, "धुणं इथंच असेल."

तिथे उभं राहून मला या गोष्टीतली एक बाजू खटकायला लागली. 'धुणं धुणारी साधी बाई अचानक महापौर झाली' असं ही गोष्ट सांगताना म्हणतात. ते तितकंसं खरं नाही. १८८५ मध्ये आर्गोनिया शहर म्हणून नोंदलं गेलं, तेव्हा पहिले महापौर झाले ऑलिव्हर किन्सी, म्हणजे सुझानाबाईंचे वडील. नगर परिषदेचा पहिला चिटणीस लुईस, म्हणजे नवरा. सासरे मेल्व्हिल सॉल्टर तर कॅन्ससचे माजी उपराज्यपाल. त्या स्वतः शेती महाविद्यालयात शिकलेल्या. पदवीला सहा आठवडे राहिले असताना आजारपणाने शिक्षण सुटलं. माहेरी सत्ता, सासरी सत्ता. आपल्याकडे याला काय म्हणतात ते लिहायची गरज नाही. खोडी काढणाऱ्यांनी नाव घातलं ते नेमकं गावातल्या सगळ्यात मुरलेल्या घरातलं. ज्या घरात नगर परिषदेचे कागद रोज पडलेले असत, तिथल्या बाईला हसण्यावारी नेता येईल असं त्यांना कसं वाटलं, हेच मला नवल वाटतं.

कारकीर्द वर्षाची, पगार वर्षाला एक डॉलर. बातमी स्वीडन आणि दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोचली. न्यूयॉर्कच्या 'सन' वर्तमानपत्राचा बातमीदार परिषदेच्या बैठकीला येऊन बसला आणि त्याने बाईंच्या कपड्यांचं आणि टोपीचंही वर्णन लिहून पाठवलं. कारभारात मोठं असं काही घडलं नाही. त्याच वर्षात त्यांना एक मूल झालं आणि तान्हेपणीच गेलं. हे चरित्रांमध्ये एका ओळीत येतं. मी आईला तेवढंच सांगितलं, ती काही बोलली नाही.

त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. पण कॅन्सस थांबलं नाही. त्याच १८८७ मध्ये सिराक्यूज गावाने सगळी नगर परिषद बायकांची निवडली, आणि १८८८ मध्ये कॅन्ससमधल्या ओस्कालूसाने (हे आयोवातलं नव्हे) मेरी लोमन यांच्यासह महापौरापासून परिषदेपर्यंत सगळ्या बायका. देशभरात बायकांना मताचा हक्क मिळायला १९२० उजाडलं.

१८९३ मध्ये ओक्लाहोमाचा नवा मुलूख वसाहतीला खुला झाल्यावर सॉल्टर कुटुंब अल्व्हाकडे गेलं. सुझानाबाई नॉर्मनमध्ये १७ मार्च १९६१ रोजी वारल्या, एकशे एक वर्षांचं वय पूर्ण करून पंधरा दिवसांनी. पुरलं मात्र आर्गोनियात.

परतताना रेल्वेच्या फाटकाशी अडकलो. ही मोठी मालवाहू लाइन, इथून पश्चिमेला थेट अल्व्हावरून जाते. एकावर एक डबे रचलेली गाडी संपता संपेना. भावाने इंजिन बंद केलं. आई खिडकीला टेकून डबे मोजत होती. एकशे सातवर तिचा आकडा चुकला, तेव्हा ती म्हणाली, "त्या बाईंना किती मुलं होती म्हणालीस?"

"नऊ," मी म्हटलं.

"आणि धुणं बाईच धुवायची," आई म्हणाली, आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.